इन्सुलिन पंप नसला तरी : रोजच्या इंजेक्शनवर शुगर कशी सांभाळावी?

मोबाईलवर इन्सुलिन पंपाचे व्हिडिओ दिसू लागले तसे टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचे आईवडील डॉक्टरांना एकच प्रश्न विचारू लागले : पंप घेतला नाही तर मुलाचं नुकसान होईल का? पंपाची किंमत लाखांत आहे. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी नळी आणि सुई बदलावी लागते, त्याचा महिन्याचा खर्च हजारांत जातो आणि तो कधी थांबत नाही. बहुतेक घरांना हे झेपत नाही.

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांनी शुगर काटेकोर ठेवली आणि ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते, त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. या काटेकोर गटात पंप वापरणारे होते, तसे दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेणारेही होते. पुढे २०१७ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पंपवाल्यांना आणि इंजेक्शनवाल्यांना सारखंच प्रशिक्षण दिलं होतं, आणि दोन वर्षांनी दोघांच्या शुगरमध्ये फारसा फरक निघाला नाही. फायदा झाला तो मुख्यतः शिकण्याचा. लहान बाळ असेल किंवा रात्री वारंवार शुगर घसरत असेल, तर सेन्सरला जोडलेला पंप खरोखर उपयोगी पडतो, हेही मान्य केलं पाहिजे.

पंप दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन सोडतो. इंजेक्शनमध्ये हेच काम दोन प्रकारची इन्सुलिन करतात. ग्लार्जिनसारखं लांब टिकणारं इन्सुलिन दिवसातून एकदा ठरल्या वेळी घ्यायचं, ते साधारण २४ तास पाया धरून ठेवतं. जेवणाच्या वेळी जलद काम करणारं घ्यायचं. जुनं साधं इन्सुलिन असेल तर जेवणाआधी अर्धा तास, नवीन लिस्प्रो किंवा अस्पार्ट असेल तर पाच ते पंधरा मिनिटं आधी. आपल्याकडे ३०/७० हे मिश्रण दोन वेळा देण्याची पद्धतही खूप आहे. ते स्वस्त पडतं, पण मग जेवणाची वेळ आणि प्रमाण रोज तेच ठेवावं लागतं. हे दुधाळ इन्सुलिन घेण्याआधी तळहातांत दहा वेळा फिरवायचं आणि दहा वेळा उलटसुलट करायचं, जोरात हलवायचं नाही.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं असतं. सिरिंजही वेगळ्या : लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट, ४० च्या बाटलीतून केशरी टोपीच्या सिरिंजने २० घेतले तर जातात फक्त ८, आणि शुगर का चढते ते कुणालाच कळत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे मेडिकलच्या काउंटरवरच बघून घ्या.

दुसरी चूक सुईच्या जागेची. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथं चरबीच्या गाठी होतात. गाठीत टोचलं की दुखत नाही, म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात! पण तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. पोट (बेंबीपासून दोन बोटं दूर), मांडीची बाहेरची बाजू, कुल्ले, दंडाचा मागचा भाग अशा जागा बदलत राहा. दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा. पेनसाठी ४ मिलिमीटरची सुई जाड माणसालाही पुरते. आधी २ युनिट हवेत सोडून बघा आणि बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं. वापरातलं बरंचसं इन्सुलिन घरच्या थंड जागेत साधारण चार आठवडे टिकतं, नक्की मुदत खोक्यावर बघा. मे महिन्यात वीज गेली किंवा घरी फ्रिजच नसेल, तर पाणी शिरणार नाही अशा डब्यात घालून मातीच्या माठात ठेवता येतं.

शुगर ७० च्या खाली गेली, किंवा हातपाय थरथरून घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. ताप-उलट्या असताना ‘खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला’ म्हणून टाइप १ च्या रुग्णाचं पायाचं इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं. इथं इंजेक्शनची एक बाजू उजवी आहे. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, त्यामुळे नळी अडकली तर काही तासांतच रक्तात आम्ल वाढू लागतं.

आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, इन्सुलिन डुकरापासून बनतं का? पूर्वी ते गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टमध्ये तयार होऊन बाजारात येऊ लागलं, आणि आज सर्रास तेच मिळतं. दुसरा, इंजेक्शनने रोजा तुटतो का? जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली ठरवलं की पोषण न देणाऱ्या औषधी इंजेक्शनने रोजा तुटत नाही, तपासणीसाठी रक्त काढल्यानेही नाही. त्यामुळे रोजा आहे म्हणून शुगर तपासायची टाळू नका. मात्र टाइप १ मध्ये रोजा ठेवणं फार जोखमीचं असतं आणि डॉक्टर बहुतेकदा नकोच म्हणतात. तरीही कुणी ठेवला आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी तिथेच सोडायचा. सहरी आणि इफ्तारचे डोस वेगळे बसवावे लागतात, त्यासाठी रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांकडे जावं.