तळटीप : ‘तसा बर्गर’

* अमेरिकेतून परतल्यावर लेखिका काशीगावात जो बर्गर शोधत हिंडतात, तो गोमांसाच्या खिम्याचा. त्यात साधारण 20 टक्के चरबी असते. नुसतं मीठ-मिरपूड लावून गोळा कडकडीत तव्यावर दाबला, की चरबी सुटते आणि कडा तांबूस, कुरकुरीत होतात. सगळी चव त्या कडांत. पण तसा बर्गर इथे मिळणं अवघड : महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976च्या कायद्याने होतीच, मार्च 2015पासून बैल-वळूही तीत आले. म्हशीच्या मांसाला मुभा आहे, पण त्यात चरबी कमी. मॅकडोनल्ड्स 1996 साली भारतात आलं तेही गोमांस वगळूनच. म्हणून इथे बर्गर म्हणजे बहुधा बटाट्याची टिक्की नाहीतर चिकन. लेखिकांच्या तक्रारीला वाचकांनी नखरा समजू नये. ती रास्त आहे. (संपा.)