बास्केटबॉलच्या नियमांतील मारामारी : हेतूकडून कृतीकडे

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचे १३ नियम लिहिले. त्यांतील पाचव्या नियमाने खांद्याने ढकलणे, धरणे, धक्का देणे, पाडणे आणि मारणे यांना एकाच पंक्तीत बसवले. पहिल्या वेळी फाउल. दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू मैदानाबाहेर. इजा करण्याचा हेतू उघड असेल, तर मात्र तो संपूर्ण सामन्यातून बाद आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही नाही. म्हणजे शिक्षेची तीव्रता हेतूवर अवलंबून होती, आणि तो हेतू ओळखायचा पंचाने!

आज अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत हा प्रश्न बराचसा बाजूला पडला आहे. ठोसा लागो वा हुको, तो मारणारा खेळाडू तत्काळ बाहेर जातो आणि किमान एका सामन्यासाठी निलंबित होतो. परस्पर मारामारीत सामील झालेल्यांना तांत्रिक फाउल देऊन बाहेर काढतात. त्यासाठी फ्री थ्रो मिळत नाही. सुरुवात कोणी केली, हे विचारून सुटका होत नाही.

या कठोरपणामागे ९ डिसेंबर १९७७ची आठवण आहे. लॉस एंजेलिसमधील सामन्यात झटापट सुरू असताना धावत आलेल्या रूडी टॉमजानोविच यांना कर्मिट वॉशिंग्टन यांनी ठोसा मारला. एकाच ठोशाने चेहऱ्याची व कवटीची हाडे मोडली. जीव थोडक्यात वाचला. आपल्यावर कोणी हल्ला करतो आहे असे वाटले, हे वॉशिंग्टन यांचे म्हणणे. तरीही त्यांना २६ सामने मुकावे लागले आणि १०,००० डॉलर दंड झाला.

पुढे नियम बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूंपर्यंत पोहोचला : भांडण पेटले की त्यांनी बाकाजवळच थांबायचे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांत तर मारामारीच्या वेळी केवळ मुख्य प्रशिक्षक आणि पहिले साहाय्यक प्रशिक्षक पंचांच्या मदतीसाठी मैदानात येऊ शकतात. गर्दी वाढू नये हा हेतू रास्तच. पण निरपराध माणूसही यात सापडतो.

मे २००७ मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सच्या रॉबर्ट हॉरी यांनी फीनिक्स सन्सच्या स्टीव्ह नॅश यांना जोरदार धक्का देऊन पाडले. सन्सचे अमारे स्टॉडमायर आणि बोरिस डियॉ बाकावरून उठून पुढे आले; कोणालाही हात न लावता परतले. हॉरी यांना दोन सामन्यांचे निलंबन झाले, या दोघांना प्रत्येकी एका सामन्याचे. मालिका २-२ अशी बरोबरीत होती. त्यांच्याविना सन्स पुढचा सामना ८५-८८ असा हरले, आणि नंतर मालिकाही.