अर्धवट औषधाची गोष्ट

ताप उतरला की गोळ्या बंद, ही सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. नैराश्याच्या औषधांचे गणित याहून अवघड. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कून यांनी १९५७ साली इमिप्रामिन या औषधाचा गुण जगापुढे मांडला. त्याने तोंड कोरडे पडते ते लगेच. मन सावरायला मात्र काही आठवडे लागतात. साहजिकच रुग्ण मधेच थांबतो, आणि डॉक्टरही भीत भीत कमी मात्रा देतात.

१९९३ साली अमेरिकी सरकारच्या एका संस्थेने फॅमिली डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली: मात्रा पुरेशी द्या, बरे वाटल्यावरही चार ते नऊ महिने औषध चालू ठेवा. पुस्तिका छापली, पण दवाखान्यात काय घडत होते? सिअ‍ॅटलमध्ये डॉ. वेन केटन यांनी २१७ रुग्णांचा अभ्यास केला (१९९५). नेहमीच्या उपचारात तीव्र नैराश्याच्या निम्म्याच रुग्णांनी पुरेशी मात्रा नव्वद दिवस घेतली. जिथे मनोविकारतज्ज्ञ त्याच दवाखान्यात येऊन आळीपाळीने तपासत आणि रुग्णाला आजार समजावून दिला जाई, तिथे हे प्रमाण ७५.५ टक्के झाले.

एवढे मनोविकारतज्ज्ञ आपण आणायचे कुठून? गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी स्थानिक पदवीधरांनाच समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. २०१० साली निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत नैराश्य वा चिंताविकाराचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. समुपदेशक नव्हते तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथला डॉक्टर आधीच ओळखीचा असतो, म्हणूनही असेल.