मिडवे : पाच मिनिटं आणि त्याआधीचा महिना

मिडवेच्या लढाईची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ४ जून १९४२ची सकाळ. जपानच्या विमानवाहू नौकांच्या डेकवर विमानं इंजिनं सुरू करून उभी आहेत, अजून पाच मिनिटांत ती उडणार आणि अमेरिकन ताफ्याचा निकाल लावणार... आणि नेमके तेव्हाच वरून अमेरिकेचे डाइव्ह बॉम्बर कोसळतात. पाच मिनिटांत युद्ध फिरतं! सिनेमाला याहून झकास क्लायमॅक्स मिळणार नाही.

अडचण एवढीच की हे असं घडलं नाही. पर्ल हार्बरवरच्या हवाई हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या मित्सुओ फुचिदाने युद्धानंतर, १९५१ साली आलेल्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट लिहिली आणि पुढे कित्येक वर्षं सगळे तीच सांगत राहिले. २००५ साली जोनाथन पार्शल आणि अँथनी टली या दोघांनी 'शॅटर्ड स्वोर्ड' या पुस्तकात जपानी नौकांवरच्या उड्डाणांच्या नोंदी तपासून दाखवलं की हल्ल्याची विमानं तेव्हा डेकवर नव्हतीच, खाली हँगरमध्ये होती. डेकवर चढ-उतार चालू होती ती संरक्षणाच्या फायटर विमानांची. मोठा हल्ला निघायला पाच मिनिटं नाही, पाऊण तास तरी लागला असता.

आता तुम्ही म्हणाल, पाच काय आणि पंचेचाळीस काय, हरले ना शेवटी? पण फरक पडतो. पाच मिनिटांची गोष्ट सगळा दोष नशिबावर टाकून मोकळी होते. आणि माझ्या मते मिडवेची खरी गंमत त्याआधीच्या महिन्यात आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मिडवे हे पर्ल हार्बरच्या वायव्येला साधारण २,००० किलोमीटरवरचं चिमुकलं प्रवाळबेट. तिथे अमेरिकेचा विमानतळ होता. जपानच्या ॲडमिरल यामामोतोचा हिशोब असा : आपण मिडवेवर हल्ला करायचा, ते वाचवायला अमेरिकेच्या विमानवाहू नौका पर्ल हार्बरमधून धावत येतील, आणि मग त्यांना गाठून बुडवायचं. १८ एप्रिल १९४२ला अमेरिकेच्या १६ बी-२५ विमानांनी थेट टोकियोपर्यंत मजल मारल्यावर या योजनेला उघड विरोध करायला फारसं कुणी उरलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला यामातो या प्रचंड युद्धनौकेवर या योजनेची रंगीत तालीम झाली. टेबलावरचा युद्धखेळ. हल्ल्यात किती बॉम्ब लागले ते फासे टाकून ठरवायचं. एका फेरीत ओकुमिया नावाच्या पंचाने निकाल दिला : नऊ बॉम्ब लागले, अकागी आणि कागा दोन्ही बुडाल्या. यावर यामामोतोचा चीफ ऑफ स्टाफ उगाकी म्हणाला, नऊ नाही, तीनच धरा. मग अकागी थोडक्यात बचावली. बुडालेली कागासुद्धा पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगत हजर!

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे वाचून कसंतरीच होतं. टेस्ट फेल झाली तर कोड बदलायचा असतो, रिपोर्ट नव्हे. एवढं करून योजना होती तशीच राहिली, कारण तारीख ठरली होती.

त्याच महिन्यात पर्ल हार्बरच्या एका तळघरात दुसरी तालीम चालू होती. तिथे जोसेफ रोशफोर्टची माणसं जेएन-२५ हा जपानी नौदलाचा संकेत फोडत बसली होती. आयबीएमची पंचकार्डाची यंत्रं चालवायला माणसं कमी पडली तेव्हा पर्ल हार्बरमध्ये जायबंदी झालेल्या कॅलिफोर्निया या युद्धनौकेच्या बँडमधले वादक घेतले. जपानी संदेशांत 'एएफ' हे लक्ष्य वारंवार येत होतं. रोशफोर्टची खात्री होती की एएफ म्हणजे मिडवे. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांना ते पटत नव्हतं.

मग जॅस्पर होम्सने एक शक्कल काढली. हा गडी पूर्वी हवाई विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवायचा. मिडवेला समुद्राखालच्या केबलने गुपचूप सांगायचं की साध्या भाषेत रेडिओवर बोंब मारा, आमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय. तसं केलं. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला गेला : एएफवर पाण्याची टंचाई आहे. विषय संपला!

मला यात हुशारीपेक्षा वृत्ती जास्त आवडते. रोशफोर्टचा अंदाज आधीच बरोबर होता, तरी तो तपासून घेतला गेला. आणि ॲडमिरल निमिट्झने त्यावर आपल्या हाताशी असलेल्या तिन्ही विमानवाहू नौका पणाला लावल्या.

त्यातली यॉर्कटाउन मेमध्येच कोरल समुद्राच्या लढाईत जबर मार खाऊन आली होती. ती २७ मेला पर्ल हार्बरला पोचली. दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. निमिट्झने तीन दिवस दिले. ३० मेला ती निघाली, दुसऱ्या नौकेच्या विमानांची भर घालून. उलट जपानची झुइकाकु त्याच लढाईतून धडधाकट परतली होती, फक्त तिची विमानं आणि वैमानिक कमी झाले होते. दुसरीकडचे वैमानिक तिच्यावर चढवण्याची जपानी पद्धत नव्हती. ती बंदरातच राहिली.

४ जूनला नशीब नव्हतंच असं मी म्हणत नाही. हॉर्नेटवरून निघालेली १५ टॉर्पेडो विमानं सगळीच्या सगळी पडली, त्यातल्या ३० जणांपैकी फक्त एक वाचला. बॉम्बरांचा प्रमुख मॅक्लस्की ठरल्या जागी पोचला तर समुद्र रिकामा. इंधन संपत आलेलं. तरी तो शोधत राहिला, आणि ताफ्याकडे घाईने परतणाऱ्या एकट्या जपानी विनाशिकेच्या दिशेने गेला. साडेदहाच्या आत अकागी, कागा, सोर्यू पेटल्या होत्या. बंदिस्त हँगरमध्ये इंधन भरलेली विमानं, आजूबाजूला पडलेले बॉम्ब आणि टॉर्पेडो... अकागीवर तर थेट एकच बॉम्ब पडला, तोही पुरला. संध्याकाळी हिर्यूची पाळी आली. यॉर्कटाउनवर मात्र हल्ल्यापूर्वी इंधनाचे पाइप रिकामे करून त्यांत कार्बन डायॉक्साइड भरला होता. तीही शेवटी ७ जूनला बुडाली, पण त्यासाठी दोन हवाई हल्ले आणि एक पाणबुडी लागली.

जपानचे ३,००० हून जास्त लोक गेले, अमेरिकेचे ३०७. जपानच्या जनतेला सांगितलं गेलं की आपली एक विमानवाहू नौका बुडाली आणि एकीचं नुकसान झालं. वाचून आलेल्या जखमींना कुणाला भेटू न देता वेगळं ठेवलं. म्हणजे मेमध्ये टेबलावर जे केलं, तेच जूनमध्ये खऱ्या जहाजांच्या बाबतीत.

आणि सत्य सांगणाऱ्याचं काय झालं? ऑक्टोबर १९४२मध्ये रोशफोर्टला त्या तळघरातून हलवलं. त्याच्या पदकाची शिफारस फेटाळली गेली. पुढे संकेत फोडणारा हा माणूस तरंगत्या गोदीचा प्रमुख झाला. पदक मिळालं ते १९८५ साली. तो १९७६मध्येच वारला होता.

तेव्हा अमेरिकन व्यवस्था शहाणी आणि जपानी वेडी, असा सोपा धडा इथे नाही. वरिष्ठांना नको असलेलं उत्तर दोन्हीकडे नकोसंच होतं. निदान मे १९४२मध्ये निमिट्झने ते ऐकून घेतलं, इतकंच.

असो. पुढच्या वेळी कुणी त्या पाच मिनिटांची गोष्ट रंगवून सांगायला लागलं, तर त्याला यामातोवरच्या फाशांबद्दल जरूर विचारा.