वाट कोणाची?

शाळेत असताना अकोल्याची आमची सॉफ्टबॉल टीम अमरावतीला सामने खेळायला गेली होती. पॅसेंजरने बडनेरा, पुढे ऑटोत कोंबून. शेवटची इनिंग, मी सेकंड बेसवर. बॅटरने ग्राउंडर मारला आणि मी थर्डकडे सुसाट सुटलो. मधेच त्यांचा शॉर्टस्टॉप बॉल उचलायला वाकलेला. धडकलो, दोघंही मातीत. अंपायर सरांनी खेळ थांबवून मला आऊट दिलं.

"सर, तोच मधात आला नं!"

"काऊन बे, रस्ता तुह्या बापाचा हाय का?"

सामना गेला. परतीच्या गाडीत मी सगळ्यांना पटवून दिलं की आपल्यावर अन्याय झाला. एकजण तेवढा गप्प होता. पुढची वीसेक वर्षं मी हा किस्सा असाच सांगत आलो. गेल्या शनिवारी सहज नियम काढून वाचला. सर बरोबर होते.

झालं असं की हा खेळ आला बेसबॉलच्या घरातून. 1887 साली शिकागोच्या फॅरगट बोट क्लबात जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने बॉक्सिंग ग्लोव्हचा बॉल करून तो बंद हॉलमध्ये सुरू केला. त्या काळच्या बेसबॉलमध्ये बहुतेक वेळा एकच अंपायर असायचा. तो बॉलकडे बघत असला की त्याच्या पाठीमागे काय वाट्टेल ते चाले. 1890 च्या दशकात बाल्टिमोरचा जॉन मॅग्रॉ थर्ड बेसवर रनरचा पट्टाच धरून ठेवायचा म्हणे. एका रनरने मग आधीच बक्कल सोडून ठेवलं. तो पळाला आणि पट्टा मॅग्रॉच्या हातात राहिला, असा किस्सा सांगतात. खराखोटा देव जाणे, पण नियमाची गरज का पडली ते त्यातून कळतं.

नियमाने वाट दोघांत वाटून दिली. मारलेला बॉल फील्डर अडवत असेल तर वाट त्याची. रनरने वळसा घालायचा. चुकून धडकला तरी तो आऊट आणि बॉल तिथेच डेड. हा इंटरफिअरन्स (म्हणजे मी). उलट फील्डरच्या हातात बॉल नाही, मारलेला बॉलही तो अडवत नाहीये, आणि तरी रनरच्या आड आला, तर ऑब्स्ट्रक्शन. तिथे अंपायर डावा हात आडवा धरतो, पण खेळ चालू ठेवतो. नंतर त्याने ठरवायचं, की अडथळा नसता तर हा रनर कुठपर्यंत पोचला असता. म्हणजे जे घडलंच नाही त्याचा निकाल! आम्हा प्रोग्रामर लोकांना असल्या रिक्वायरमेंटने घाम फुटतो.

2013 च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना तर याच नियमावर संपला. थर्ड बेसचा मिडलब्रुक्स वाईट थ्रोसाठी झेपावून आडवा पडला आणि ॲलन क्रेग त्याच्यावर अडखळला. क्रेग होमला उशिरा पोचला, तरी रन दिली. मिडलब्रुक्सने मुद्दाम केलं नव्हतं. नियमाला त्याचं देणंघेणं नाही.

भारतात सॉफ्टबॉलची संघटना 1961 ची. पण ही वाटेची भानगड आपल्या मैदानांना नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, आणि त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधायला समिती बसली. खो-खोत बसलेल्याने पळणाऱ्याला अडथळा होईल असं बसायचं नाही; तसल्या अडथळ्याने पळणारा बाद झाला तर तो बाद धरत नाहीत. मी लहानपणापासून खो-खो खेळलेलो. पळणाऱ्याचे हक्क तोंडपाठ होते, म्हणूनच बहुधा इतक्या तावातावाने भांडलो. बॉल अडवणाऱ्याचाही हक्क असतो हे डोक्यातच नव्हतं. त्या शॉर्टस्टॉपचा ओठ फुटला होता, हेही किस्सा सांगताना मी नेहमी गाळत आलो.

असो. रविवारी त्या गाडीत गप्प बसलेल्या मित्राला फोन केला.

"मले तवाच मालूम होतं," तो म्हणाला. "पन तू लय रडत होता बे."