छावणीतला वकील

'पोलीस कारवाई' हा शब्द एवढा रुळला की हैदराबाद संस्थानाचा प्रश्न पाच दिवसांत सुटला असेच वाटते. फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, हे खरे. पण हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा ७ ऑगस्ट १९४७ पासून पेटला होता, आणि त्या तेरा महिन्यांत मराठवाड्याच्या सरहद्दीवर जे चालले त्याला युद्धच म्हणावे लागेल. त्याच काळात उस्मानिया विद्यापीठातून कायदा शिकलेले शंकरराव चव्हाण वकिली सोडून पैनगंगेपलीकडच्या, स्वातंत्र्यसैनिकांच्या उमरखेड छावणीत गेले. बंदूक चालवल्याशिवाय सैनिक कसला, असा आक्षेप कोणी घेईल. मात्र छावणी निव्वळ बंदुकीवर चालत नाही. हद्द ओलांडून आलेल्यांची सोय, निरोप, शस्त्रे, पैसा, सगळे कोणीतरी सांभाळावे लागते. ३० जानेवारी १९४८ ला नांदेडजवळच्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्यासाठी लुटली. अशा पैशाचा पै न् पै हिशेब ठेवला नाही, तर लढवय्या आणि दरोडेखोर यांत फरक तो काय? नोंदीवर पोसलेली वकिलाची शिस्त इथे शस्त्राइतकीच मोलाची होती.

पुढे चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष, महाराष्ट्राचे पाटबंधारे मंत्री, १९७५ ला मुख्यमंत्री. जायकवाडीसारखे धरण भाषणांनी उभे राहत नाही, फायलींनी राहते. लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत, ते या अर्थाने गौरवाचेच. (आणीबाणीत ही शिस्त दिल्लीपुढे फार लवकर वाकली, हेही नोंदवले पाहिजे.) १९९१ नंतर तर दिल्लीत जुने हैदराबाद संस्थानच अवतरले: लोकसभाध्यक्ष लातूर भागातल्या चाकूरचे शिवराज पाटील, गृहमंत्री उमरखेडच्या छावणीतले चव्हाण आणि पंतप्रधान चांद्याच्या छावणीतले नरसिंह राव. तिघेही कायद्याचे पदवीधर. मग ६ डिसेंबर १९९२ चा बाबरी मशिदीचा विध्वंस का टळला नाही? चव्हाणांनी कागदावर विसंबून गाफील राहणे पसंत केले, हे उत्तर सोपे पण अपुरे आहे. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाला आश्वासन दिले होते, तरी कलम ३५६ लावून मशीद ताब्यात घेण्याची योजना गृह मंत्रालयाने आखून ठेवली होती. म्हणजे आधीच तयारी ठेवण्याची छावणीतली सवय सुटली नव्हती. अपुरा पडला तो निर्णय, आणि तो एकट्या गृहमंत्र्याचा नव्हता. तरीही मंत्रालय त्यांचे होते, तेव्हा दोषातला वाटा त्यांना चुकत नाही. योजना अमलात आली नाही. चव्हाण १९९६ पर्यंत गृहमंत्री राहिले.