नदीतील क्षारतेची नोंद आणि पाणलोट क्षेत्राचे व्यवस्थापन : ऑस्ट्रेलियातील अनुभवाचा इतिहास

प्रास्ताविक

पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात पाण्याच्या परिमाणाला जे स्थान मिळाले, ते पाण्याच्या गुणाला फार उशिरा मिळाले. किती पाणी आले, किती साठले, कोणाच्या वाट्याला किती गेले याच्या नोंदी शतकभराच्या सापडतात. त्या पाण्यात क्षार किती होते, हे बहुधा पीक करपल्यावर किंवा यंत्र बिघडल्यावरच विचारले गेले. महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पाव शतकातच, १९१० मध्ये, हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. तेथे लक्ष मुख्यतः जमिनीवर होते. नदी-ओढ्यांच्या पाण्यातील क्षार नियमितपणे मोजावेत आणि त्यावरून वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा कारभार ठरवावा, ही कल्पना अतिशय तपशिलाने राबवली गेली ती ऑस्ट्रेलियात. तिचा प्रवास त्या खंडाच्या नैऋत्य कोपऱ्यातील नद्या आणि आग्नेयेकडील मरे नदी या दोन प्रदेशांच्या आधारे प्रस्तुत लेखात मांडला आहे. क्षारता का वाढते याचे स्पष्टीकरण १९२४ मध्येच छापून आले होते. त्यावर आधारलेला कायदा मात्र १९७६ मध्ये झाला. मधल्या बावन्न वर्षांचे काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

धरण, आगगाडी आणि एक अभियंता

पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींना पाणी पुरवण्यासाठी सी. वाय. ओ'कॉनर यांच्या योजनेनुसार हेलेना नदीवर मंडेरिंग येथे धरण बांधण्यात आले आणि सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या नळातून १९०३ मध्ये पाणी खाणींपर्यंत पोहोचले. धरण अपेक्षेइतके लवकर भरेना, म्हणून पाणलोटातील झाडेच कमी करावीत असा विचार पुढे आला. झाड पाणी पिते. झाड नसले की ते पाणी धरणात येईल, असा हा सरळ हिशेब होता. त्यानुसार सुमारे ८,००० हेक्टर जंगलातील झाडांच्या बुंध्याभोवतीची साल वर्तुळाकार काढून ती उभ्या उभ्या वाळवण्यात आली. पाणी वाढले, पण थोड्याच वर्षांत त्यातील क्षारही वाढले. १९०९ च्या सुमारास चूक ध्यानात आली आणि जंगल पुन्हा वाढू देण्यात आले. पाणलोटातील झाडे व नदीतील मीठ यांचा संबंध प्रत्यक्ष पाण्याच्या तपासणीतून व्यवस्थापनाच्या निर्णयापर्यंत पोहोचल्याचे हे फार जुने उदाहरण होय. ते त्या एका धरणापुरतेच राहिले.

दुसरा साक्षीदार रेल्वे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे, आणि विरळ वस्तीच्या त्या प्रदेशात रेल्वे खाते ठिकठिकाणी लहान तलाव बांधून ते साठवी. खारे पाणी बॉयलरमध्ये फेसाळते, पत्रा कुरतडते. त्यामुळे पाण्याचे रासायनिक पृथक्करण करून नोंद ठेवणे रेल्वेला भागच होते. शेतकऱ्याला जे दहा-वीस वर्षांनी कळते, ते रेल्वेला बॉयलरच्या दुरुस्तीच्या बिलातून लगेच कळत असे. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याने या नोंदींतून एक सूत्र ओळखले. ज्या तलावांच्या पाणलोटातील मूळ वनस्पती काढून टाकली गेली होती त्यांचे पाणी खारावत होते. जेथे जंगल शाबूत होते तेथे ते गोडच होते. वुड यांचा निबंध १९२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वुड यांचे विवेचन आजही मूलतः ग्राह्य मानले जाते. समुद्रावरून येणाऱ्या पावसाबरोबर थोडे थोडे मीठ जमिनीवर पडते. खोल मुळांची निलगिरी कुळातील झाडे जवळपास सगळे पावसाचे पाणी वापरतात आणि मीठ मात्र मुळांच्या थरात व त्याखाली मागे राहते. हजारो वर्षांत हा साठा दर हेक्टरी शेकडो टनांपर्यंत जातो. झाडे काढून गहू पेरला की पावसाचा जो अल्प अंश पिकाला वापरता येत नाही तो खाली झिरपतो, भूजल चढते आणि साठलेले मीठ घेऊन सखल भागात, अखेर ओढ्यात उतरते. नीरेकाठी कालव्याचे जादा पाणी जे करते, ते येथे केवळ झाडांच्या अभावी पावसाचे पाणीच करते.

हे स्पष्टीकरण सर्वांसाठी छापून उपलब्ध होते. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच राज्यात वर्षाला दहा लाख एकर जमीन शेतीसाठी मोकळी करण्याची घोषणा अभिमानाने केली गेली. वुड यांचा निबंध कोणी खोडून काढला नव्हता. जमीन देणारे खाते एक आणि पाण्याची नोंद ठेवणारे खाते दुसरे होते, इतकेच.

कॉली नदी : मोजणी कशाची करावी?

चित्र बदलले ते कॉली नदीवरील वेलिंग्टन धरणामुळे. १९३३ मध्ये बांधलेल्या या धरणातून सिंचनाला व अंतर्भागातील गावांना पाणी मिळत असे. १९४० च्या दशकात त्यातील क्षार दर लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास होते. पुढील काही दशकांत ते १,००० मिलिग्रॅमच्या दिशेने सरकत गेले. हजार मिलिग्रॅमच्या पुढे पाणी चवीला नकोसे होते. आता प्रश्न बॉयलरचा उरला नव्हता, गावांच्या पिण्याच्या पाण्याचा होता.

मोजमापाच्या पद्धतीचा विचार येथे आवश्यक आहे, कारण पुढचे निर्णय तिच्यावरच उभे राहिले. जुन्या पद्धतीत पाणी आटवून उरलेले क्षार तोलत किंवा क्लोराइडचे रासायनिक मापन करीत. पुढे विद्युतवाहकता मोजणारी उपकरणे आली. पाण्यात क्षार जितके अधिक तितकी वीज सहज वाहते. म्हणून २५ अंश सेल्सिअस तापमानाला दर सेंटिमीटरमागे मायक्रोसीमेन्समध्ये येणारा आकडा ‘ईसी’ एकक म्हणून रूढ झाला. त्याला साधारण ०.६ ने गुणले की दर लिटरमागील क्षारांचे मिलिग्रॅम मिळतात.

परंतु नुसती क्षारता म्हणजे पूर्ण माहिती नव्हे. सेकंदाला एक घनमीटर वाहणाऱ्या ओढ्यात दर लिटरला १,००० मिलिग्रॅम क्षार असतील, तर दिवसाला ८६.४ टन मीठ वाहून जाते. तोच ओढा पावसाळ्यात दहापट वाहू लागला आणि क्षारता २०० मिलिग्रॅमवर उतरली, तर मीठ जाते १७२.८ टन. पाणी चवीला गोड झाले आणि मीठ दुप्पट वाहिले. महिन्यातून एकदा बाटलीभर नमुना घेणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही. म्हणून प्रवाह आणि क्षारता एकाच ठिकाणी, शक्य तर अखंड मोजणारी केंद्रे मुख्य प्रवाहावर व उपनद्यांवर उभारावी लागली. अशा नोंदींतूनच दिसून आले की कॉली पाणलोटातील मिठाचा फार मोठा वाटा पूर्वेकडील, कमी पावसाच्या व शेतीसाठी मोकळ्या केलेल्या भागातून येतो. पश्चिमेकडील दाट जंगलाचा भाग पुष्कळ पाणी देतो आणि मीठ थोडे. पाणलोट एकच, पण त्याच्या दोन भागांचा स्वभाव वेगळा. हे भेद न करता सरसकट उपाय योजणे व्यर्थ ठरले असते.

१९७३ मध्ये ए. जे. पेक आणि डी. एच. हर्ल यांनी जंगल असलेल्या व शेतीखालील पाणलोटांत पावसाबरोबर येणारे आणि ओढ्याबरोबर जाणारे क्लोराइड यांचा ताळेबंद मांडला. शेतीखालील पाणलोटांतून बाहेर पडणारे मीठ आत येणाऱ्या मिठाहून कितीतरी अधिक होते. वुड यांचे निरीक्षण अर्धशतकानंतर अंकांत उतरले. १९७६ मध्ये वेलिंग्टन पाणलोटात परवान्याविना मूळ वनस्पती काढण्यास कायद्याने बंदी घालण्यात आली आणि ज्यांना परवानगी नाकारली त्यांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद झाली. १९७८ मध्ये मंडेरिंग, डेन्मार्क, केंट व वॉरेन या पाणलोटांनाही ते नियंत्रण लागू झाले. पुढे शासनाने शेतजमीन विकत घेऊन तिच्यावर झाडे लावली.

कायदा झाला तरी पाणी लगेच सुधारले नाही. याचे कारण त्याच परिसरातील एका प्रयोगाने उलगडले. लेमन नावाच्या लहानशा पाणलोटातील सुमारे निम्मे जंगल १९७६-७७ मध्ये मुद्दाम तोडून पुढील परिणाम मोजण्यात आले. सुमारे दहा वर्षे ओढ्याचे पाणी गोडच राहिले. जमिनीखाली मात्र भूजल वर्षागणिक चढत होते. ते पृष्ठभागाला टेकले आणि ओढ्याची क्षारता एकाएकी वाढली. केवळ ओढा मोजणाऱ्याने ही दहा वर्षे निर्धास्तपणे काढली असती. ओढा हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. म्हणून त्याच्या जोडीला निरीक्षण विहिरींची नोंद अपरिहार्य ठरली. वेलिंग्टनचे पाणी पिण्यायोग्य होण्याची वाट पाहणे शक्य नसल्याने १९९० मध्ये हॅरिस धरण बांधून गावांना पर्यायी पुरवठा करावा लागला. याउलट डेन्मार्क नदीची क्षारता १९८० च्या दशकात दर लिटरला सुमारे १,५०० मिलिग्रॅमचा कळस गाठून, पाणलोटात मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड झाल्यानंतर हळूहळू उतरत गेली.

मरे नदी : आकड्याची खातेवही

मरे नदीची गोष्ट वेगळी आहे. मरे-डार्लिंग खोरे दहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठे असून ते अनेक राज्यांत विभागले आहे. १९१४ चा नदीजल करार आणि १९१७ मध्ये कामास लागलेला आयोग यांचा विषय पाण्याची वाटणी हाच होता. पाण्याचा गुण आयोगाच्या कक्षेत १९८० च्या दशकातच आला. वरच्या राज्यांतील सिंचनाचा निचरा नदीत येई आणि त्याचा ताप शेवटच्या टोकाला, दक्षिण ऑस्ट्रेलियातील फळबागांना व शहरांना होई. १९६० च्या दशकातील दुष्काळात हे तीव्रतेने जाणवले. व्हिक्टोरिया राज्यातील बार क्रीक हा छोटासा निचरा-ओढा नदीत मीठ आणणारा मोठा स्रोत म्हणून ओळखला गेला आणि त्याचे पाणी वळवून तलावात आटवण्याची योजना त्याच दशकात झाली.

१९८८ च्या क्षारता व निचरा धोरणाने मॉर्गन हे गाव मोजमापाचे ठिकाण ठरवले. बहुतेक मीठ तोवर नदीत येऊन मिसळलेले असते आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मोठे नळ तेथून व त्याखालून पाणी उचलतात. मॉर्गनला ९५ टक्के दिवस क्षारता ८०० ईसीच्या खाली राहावी असे उद्दिष्ट ठरले. खरे नावीन्य मात्र खातेवहीत होते. एखाद्या राज्याच्या नव्या सिंचन प्रकल्पाने मॉर्गनची क्षारता वाढत असेल तर तेवढे ईसी त्या राज्याच्या नावे पडत. मीठ अडवणाऱ्या कामातून जमा मिळे. दशांश ईसीचा परिणामही नोंदवावा असा दंडक पुढे आला.

ही नोंद उपकरणाने घेतलेली नसते, हे सहसा लक्षात येत नाही. प्रत्यक्ष क्षारता पावसावर हेलकावे खाते. ओल्या वर्षी सर्वच राज्ये निर्दोष आणि कोरड्या वर्षी सर्वच दोषी ठरतील. म्हणून आधारभूत कालखंडातील हवामान गृहीत धरून, आजच्या जमीनवापराचा परिणाम गणितीय प्रारूपाने काढतात. सुरुवातीस हा कालखंड १९७५ ते १९८५ होता. २००१ च्या धोरणात तो १९७५ ते २००० झाला. उपकरणांच्या दीर्घ नोंदींखेरीज हे प्रारूप उभेच राहिले नसते; पण जबाबदारी ठरते ती प्रारूपाच्या आकड्यावर. त्याच धोरणात खातेवहीचे दोन भाग झाले. ‘अ’ भागात १ जानेवारी १९८८ नंतरच्या कृती, ‘ब’ भागात तीन जुन्या राज्यांच्या त्यापूर्वीच्या कृतींचे आज प्रकट होणारे परिणाम. आजोबांनी तोडलेल्या जंगलाचे मीठ नातवाच्या काळात नदीत उतरते. ते कोणाच्या खात्यावर टाकायचे, या प्रश्नाला प्रशासनाने एका तारखेची रेघ ओढून उत्तर दिले. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रेघ कृत्रिम वाटेल. तिच्यावाचून राज्ये एकत्र बसली नसती, हेही तितकेच खरे.

नोंद केवळ अभियंत्यांच्या हाती राहिली नाही. १९८७ पासून व्हिक्टोरियात ‘सॉल्टवॉच’ उपक्रमाद्वारे शालेय विद्यार्थी जवळच्या ओढ्याचे व विहिरीचे पाणी आणून क्षारता मोजू लागले. या आकड्यांची अचूकता मर्यादित होती. परंतु शेतकऱ्याच्या मुलाने आपल्याच शिवारातील ओढ्याचा आकडा घरी सांगणे ही गोष्ट खात्याच्या अहवालाहून परिणामकारक ठरणे स्वाभाविक होते.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खोऱ्याच्या क्षारता तपासणीत पुढील शंभर वर्षांचे चिंताजनक भाकीत होते. त्यानंतर दीर्घ दुष्काळ लांबत गेला, भूजल खाली गेले आणि भाकिताइतके मीठ नदीत उतरले नाही. मॉर्गनचे उद्दिष्ट २०१० च्या सुमारास साध्य झाले. त्यात दुष्काळाचा वाटा आहे, तसा नदीकाठच्या विहिरींतून खारे भूजल उपसून ते नदीत येण्यापूर्वीच अडवणाऱ्या योजनांचाही. या योजना वर्षाला सुमारे पाच लाख टन मीठ नदीबाहेर ठेवतात. २०१५ मध्ये पुढील पंधरा वर्षांचे धोरण स्वीकारले गेले तेव्हा हे पंप चालू ठेवण्याचा खर्च आणि प्रत्यक्ष गरज यांचा मेळ घालणे हा त्यातील एक विषय होता. वुलपुंडा व वायकेरी येथे उपसलेले पाणी नळाने स्टॉकयार्ड प्लेनच्या सखल भागात सोडतात. तेथे ते उन्हाने आटते आणि मीठ साचत राहते.